मेलेल्याचं नाव

ट्रक वळणावर आल्याचा आवाज ऐकला आणि ओझेलानं धुणं ढवळायची काठी तिथंच टाकून घराखाली अंग घुसवलं. घर विटांच्या ठोकळ्यांवर उभं होतं. खाली कोंबड्या, धूळ आणि अंधार. पोटावर सरकत ती पार मधोमध जाऊन पडली. वर ओसरीत तिची सासू, मा टेम्पी, चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. म्हातारीनं मान वर केली नाही. फक्त झग्याचा घेर पसरून पायरीजवळची फट झाकली.

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्याचं तिसरं वर्ष होतं. जॉर्जियात कापूस फुटून पांढराशुभ्र झाला होता आणि वेचायला माणूस नव्हतं. तरणे गडी सैन्यात गेले, उरलेले किनाऱ्यावरच्या जहाजांच्या कारखान्यांत. ओझेलाचा नवरा ल्युशस समुद्रापार लढत होता. सैन्याकडून घरखर्च यायचा, चार घरचं धुणं होतं, म्हणून तिनं वेचणीला जाणं सोडलं. तेच गोऱ्या जमीनदारांच्या डोळ्यांत खुपलं. काळ्या बायका घरी बसायला लागल्या, तर कसं चालायचं? गावानं फर्मान काढलं : शेतावर या, नाहीतर कोठडीत जा. पलीकडची रूबी नाही म्हणाली होती. ती परत आली तेव्हा तिचा एक डोळा उघडत नव्हता.

आणि त्या जमीनदारांतलेच हे मिस्टर हॅडली! मंदीत कापूस मातीमोल झाला, तेव्हा सरकारनं उभं पीक नांगरायला पैसे दिले. ते हॅडलीनं खिशात घातले आणि कुळांना हाकललं. ते पीक मोडायला ल्युशसनं खेचर जुंपलं होतं, तर ते मुकं जनावर पहिल्याच सरीत थबकलं. पिकावर पाय द्यायचा नाही, हे त्याला जन्मभर मारून शिकवलेलं. त्या हिवाळ्यात ओझेला एका दिवसाचं काम मागायला हॅडलीच्या मागच्या दारी गेली होती. त्यानं कुत्रा सोडला होता.

ट्रक थांबला. ओझेलाला बूट दिसले.

"सून कुठाय गं, म्हातारे?" शेरीफच्या माणसाचा आवाज.

"गेली की सकाळीच, साहेब."

"कुठं?"

"आजकालच्या सुना सासूला सांगून जातात होय, साहेब?"

कुणीतरी हसलं. बूट मात्र हलले नाहीत. "मग तू चल. ऊठ."

"माझा गुडघा बघा तरी—"

"रांगत वेच."

डोक्यावरची फळी करकरली. शेंगांची पाटी उलटली आणि चवळीचे दाणे फटींतून ओझेलाच्या केसांत पडले. म्हातारी कण्हली.  ओझेला सरपटत बाहेर आली, धुळीनं माखलेली.

"मी येते," ती म्हणाली. "त्यांना सोडा."

त्या माणसानं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बघा, कोंबडी खुराड्यातून निघाली. यापुढं रोज यायचं, ओझेला. नाहीतर पुढच्या वेळी मी एकटाच येईन."

दिवसभर ती वेचत राहिली. बोंडांच्या काट्यांनी बोटं सोलली, पण ते तिला जाणवलंही नाही. "एकटाच येईन" एवढंच कानात घुमत होतं. संध्याकाळी तिनं सासूला सांगितलं.  मा टेम्पी म्हणाली, "किनाऱ्यावर सव्हाना शहरात माझी भाची आहे. रविवारी निघू. बोचकं घ्यायचं नाही."

रविवारी दोघींनी अंगावर एकावर एक तीन-तीन झगे चढवले आणि चर्चला निघाल्यासारख्या बाहेर पडल्या. गावच्या स्टेशनावर पळणाऱ्या मजुरांवर पहारा असायचा, म्हणून शेतांमागून पुढच्या स्टेशनापर्यंत चालल्या. म्हातारी गुडघा धरून चालत होती, पण थांबली नाही.

तिथंही एक गोरा पोलीस उभा होता.

"कुठं?"

"भाऊ गेला माझा, साहेब. पुरायला चाललो."

त्यानं मा टेम्पीच्या पोटावर काठी टेकवली. "दुःखात बरीच फुगलीस गं!"

"देवाची कृपा, साहेब."

मग तो ओझेलाकडं वळला. "तू सांग. नाव काय मेलेल्याचं?"

हे दोघींचं ठरलंच नव्हतं.  ओझेलाचं डोकं धुतल्यासारखं कोरं झालं. त्यात एकच नाव उरलं.

"ल्युशस," ती म्हणाली.

मा टेम्पीचा चेहरा राखेसारखा झाला. पोलिसाला ते दुःख खरं वाटलं असावं. तो बाजूला झाला.

गाडीत काळ्यांच्या डब्यात दोघी समोरासमोर बसल्या.  बऱ्याच स्टेशनांनंतर म्हातारीनं ओझेलाचा हात ओढून घेतला. "थुंक, पोरी. ते अभद्र खिडकीबाहेर थुंक." ओझेला थुंकली. तोंडात थुंकी नव्हतीच.

सव्हानात तिला जहाजांच्या कारखान्यात झाडलोटीचं काम मिळालं. कुणी धरायला येत नव्हतं. पण गल्लीत तारवाल्याची सायकल वळली की ती दाराला कडी लावायची. जणू कडी घातली की बातमी परत जाईल. आपल्याच तोंडानं आपण नवऱ्याला मारलं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. वर्षभर तिला भाकर गोड लागली नाही.

ल्युशस लढाई संपल्यावर आला, उजव्या कानानं जवळजवळ बहिरा. पहिल्याच जेवणाला मा टेम्पी म्हणाली, "तुझ्या बायकोनं तुला स्टेशनातच पुरलं होतं रे!" तो ठसका लागेपर्यंत हसला. ओझेला उठून परसात गेली आणि मोठ्यानं रडली.

महिन्याभरानं तो बापाची कबर बघायला गावी निघाला. तिनं त्याचा गणवेश धान्याच्या पिंपात दडवला. गणवेशातल्या काळ्या सैनिकांना गोरे बसमधून उतरवून मारत होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"साध्या सदऱ्यात जा. आणि मान खाली."

"मी काय चोर आहे?"

"जिवंत आहेस. तेवढा रहा."

तो दोन दिवसांनी परतला. त्यांचं जुनं घर पाडलं होतं. हॅडलीच्या शेतात एक लाल यंत्र कापूस वेचत होतं, वर एकच माणूस बसलेला.

"कुणी काही बोललं तुला?" तिनं विचारलं.

ल्युशसनं चांगला कान तिच्याकडं केला. तिनं पुन्हा विचारलं.

"बोलायला होतंच कोण तिथं?" तो म्हणाला आणि बूट काढायला खाली वाकला.