खालचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे, पण तेवढ्यावरून लगेच जांभई देऊ नका. माझ्यावर आजवर कुणी झोपलेले नाही. जो आला तो आपटायलाच आला. बास्केटबॉलची रिंग ज्या लोखंडी खांबावर उभी असते, त्या खांबाला मी बांधलेली असते. धावत आलेल्या खेळाडूला वेळेवर थांबता आले नाही, की लोखंडाच्या आधी मी त्याला भेटते. देवाने मला एवढेच काम नेमून दिले आणि ते मी कधी लहान मानले नाही.

एका कारखान्यात फोमचे जाड थर चिकटवून माझे अंग झाले. वर निळे रेक्झिन चढले. शिवणाऱ्या बाईने मला तीन पट्टे लावले: एक छातीशी, एक कमरेला, एक पार खाली. खालचा शिवताना ती शेजारणीला म्हणाली, "वरचे दोन नुसते धरून ठेवतात. हा तिला फिरू देत नाही."

"मग तुझ्या नवऱ्यालाही एक लाव," शेजारीण म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

मग मी या हॉलमध्ये आले. हॉल जुना, खांब मैदानाच्या रेषेला अगदी खेटून उभा. त्यामुळे मला काम भरपूर. खांदे आले, कोपरे आली, गुडघे आले. एकदा तर एका मुलीचा दात माझ्यात रुतून बसला होता, तो तिच्या आईने काढून रुमालात बांधून नेला. जाताना तिने माझ्या अंगावर हलकेच थाप मारली. तेवढ्या एका थापेवर मी कितीतरी वर्षे काढली.

याच हॉलमध्ये दोन बहिणी वाढल्या. थोरलीने धाकटीला बॉल धरायला शिकवले, तेव्हा बॉल धाकटीच्या पोटाएवढा होता. पुढे थोरली नदीपलीकडच्या इस्पितळात नर्स झाली आणि तिकडच्या संघातून खेळू लागली. धाकटी इकडेच राहिली, टायरच्या दुकानात कामाला लागली, आणि आमच्या संघाचा कणा झाली. पण थोरलीविरुद्ध ती एकदाही जिंकली नव्हती. घरी जेवताना थोरली फक्त विचारायची, "काय गं, यंदा तरी?" धाकटी ताटाकडे बघत राहायची.

त्या वर्षी अंतिम फेरीत तेच दोन संघ समोरासमोर आले. तीन सामने, दोन जिंकेल त्याचा चषक. त्यांचे बाबा बाकांच्या बरोबर मध्यावर बसले. टाळी कुणासाठी वाजवावी हे न कळून त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

पहिल्या सामन्यात नदीपलीकडच्यांनी आमच्यावर नुसती झडप घातली. आमच्या मुलीच्या हातात बॉल आला की दोघी अंगावर. कोपर बरगडीत, गुडघा मांडीत, नखे मनगटात. आमच्या मुली घाबरून बॉल आपटत कोपऱ्यात जात आणि तिथेच गळा आवळल्यासारख्या अडकत. रिंगवरून उडालेला प्रत्येक बॉल त्यांचाच. थोरली खाली अशी पाय रोवून उभी राही, की आमची जी वर उडे ती पाठीवर पडे. मी त्या दिवशी इतके घाव खाल्ले की रेक्झिनला घामाबरोबर रक्ताचा वास येऊ लागला. आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी सर आले. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक. मोठ्या आवाजाचा माणूस, पण मनाने वाईट नव्हता. त्यांनी माझे तिन्ही पट्टे सोडले, मला खांद्यावर घेतले आणि मुलींना म्हणाले, "तुम्हाला धक्क्याची भीती वाटते. आज ती भीती संपवू."

मित्रांनो, जन्मभर मी घाव झेलले होते. त्या दिवशी मला घाव घालायला शिकवले गेले. खालचा पट्टा मुठीत धरून सर मला फिरवत आणि रिंगखाली उडी मारणाऱ्या प्रत्येकीच्या छातीवर, पाठीवर, तोंडावर हाणत. मुली पडत, उठत, पुन्हा उडी मारत.

"सर, हळू की," एक जण कळवळली.

"थोरली हळू मारणारे का?" सर म्हणाले.

मारता मारता ते शिकवतही होते. दोघी अंगावर यायच्या आत बॉल सोडा. मधल्या मुलीने पुढे येऊन पास घ्यायचा, कोपऱ्यात पाय ठेवायचा नाही. आणि मुख्य गोष्ट त्यांनी धाकटीला बाजूला घेऊन सांगितली. "तुझी बहीण रिंगजवळ उभी असते ना? मग तिला बाहेर ओढत बसू नकोस. कमरेने आणखी आत ढकल. रिंगच्या अगदी खाली गेलेलीला बॉल मिळत नाही, तो तिच्या डोक्यावरून बाहेर पडतो. तिथे तू हवीस."

दुसरा सामना आम्ही जिंकलो. आमच्या मुलींचे ओठ फुटले, पण बॉल सुटला नाही. थोरली सामना संपल्यावर धाकटीजवळ आली. "कुणी शिकवलं गं हे?"

"गादीने," धाकटी म्हणाली.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी सरांनी मला पुन्हा उतरवले. या वेळी त्यांच्या हाताला दयामाया नव्हती. फिरवता फिरवता खालचा पट्टा बकलासकट उपटून त्यांच्या मुठीत आला. मला परत बांधायचे काम धाकटीचे होते. तिने वरचे दोन आवळले आणि खाली बसून फाटलेल्या शिवणीवर बोट ठेवले.

"सर, खालचा पट्टा तुटलाय. ही फिरेल."

"वरचे दोन आहेत ना? आज कुणाला सुईदोरा शोधायला वेळ आहे? सामना झाल्यावर बघू."

धाकटीने शिवण पुन्हा एकदा चाचपली. मग कुणीतरी बॉल तिच्याकडे टाकला, आणि ती उठली.

तो सामना म्हणजे खेळ नव्हताच, मारामारी होती. एकीच्या नाकाचे हाड मोडले. एकीची भुवई फाटली, ती फडके बांधून पुन्हा उतरली. थोरलीच्या कोपराने धाकटीचा ओठ आतून चिरला.

"दमलीस ना? घरी जाऊन झोप," थोरली तिच्या कानाशी म्हणाली.

"तुला घेऊनच जाते," धाकटी रक्त थुंकून म्हणाली.

शेवटचे क्षण उरले तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. आमच्या मुलीने लांबून बॉल फेकला. तो रिंगवर आदळून वर उडाला. थोरली खाली पाय रोवून उभी. धाकटीने शिकवल्याप्रमाणे कंबर लावली आणि सगळे अंग, सगळी वर्षे, ताटाकडे बघत गिळलेले सगळे शब्द त्या एका धक्क्यात घातले.

बॉल थोरलीच्या डोक्यावरून बाहेर पडला. धाकटीने तो हवेतच पकडला आणि रिंगमध्ये घातला. घंटा झाली.

त्याच क्षणी, त्या धक्क्याने तोल गेलेली थोरली डाव्या अंगाने माझ्यावर आली. मी तिला धरायला तयार होते, देवाशपथ तयार होते. पण खाली मला धरणारे काही नव्हते. तिचा खांदा लागताच मी दारासारखी बाजूला फिरले, आणि तिचे डोके लोखंडावर आदळले. तो आवाज मऊ नव्हता. माझ्या जन्मात मी ज्या आवाजाच्या आड उभी राहिले होते, तो हाच.

आरोळ्या मध्येच विझल्या. डाव्या डोळ्याच्या बाजूची कवटी चिरली होती आणि रक्त लाकडी जमिनीवर पसरत चालले होते. बाबांचे हात मांडीखालून निघाले होते. धाकटी धावत येऊन तिच्याजवळ बसली.

"मान हलवू देऊ नकोस माझी," थोरली म्हणाली. ती नर्सच होती, तशातही. "शर्ट काढ. जखमेवर दाब. जोरात."

"ताई, मला माहीत होतं. पट्टा तुटलेला मी बघितला होता."

"आधी दाब. मग रड." थोड्या वेळाने तिने विचारले, "कोण जिंकलं?"

 धाकटी दाबत राहिली.

थोरली वाचली. डाव्या डोळ्याने तिला आता नुसता उजेड दिसतो, आणि ती खेळत नाही. चषक हॉलच्या कपाटात आहे. तो उचलताना काढलेला फोटो नाही, कारण तो कुणी उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी सर सुई आणि जाड दोरा घेऊन माझ्याजवळ बसले. त्यांना शिवता येत नव्हते. बोटे टोचून घेत त्यांनी पट्टा शिवला. त्यानंतर मला कुणी खांबावरून उतरवले नाही.

आता प्रत्येक सामन्याआधी दोघी बहिणी माझ्याकडे येतात. धाकटी खाली बसून पट्टा आवळते. थोरली दोन पावले मागे जाते आणि खांद्याने मला सणसणीत धडक देते. बाबा दारातून ओरडतात, "अगं, पुरे," पण ती आणखी एकदा देते.

मग म्हणते, "हलत नाही. खेळा."

मित्रांनो, तुम्हीही खेळा, अगदी जिवाच्या कराराने भिडा. मी त्यासाठीच उभी आहे. फक्त पहिली शिट्टी वाजायच्या आधी एकदा खांबाजवळ या, खाली वाका, आणि माझा खालचा पट्टा ओढून बघा. समोरून धावत येणारी तुमची कोण लागते, हे पुष्कळदा ती पडल्यावरच कळते.