पान अठ्ठ्याऐंशी

मी एक जुना दस्त आहे, मित्रांनो. जुना म्हणजे नऊ वर्षांचा. कागदाला हे वय फार नाही, पण नऊ वर्षं बायबलमध्ये दाबून ठेवलं की कोणीही म्हातारा होतो. माझ्या अंगावर तीन घड्या आहेत. घडीवरची अक्षरं झिजतात, म्हणून माझी गोष्टही मधेच तुटेल. तो दोष माझा नाही.

केंटकीच्या डोंगरात, ऑर्बन टॅकेटच्या स्वयंपाकघरात माझा जन्म झाला. एस्टिल कोम्ब्स वकिलांनी मला टाइप करून आणलं, ऑर्बननं सही केली, नोटरीनं शिक्का मारला. घरामागची चाळीस एकर टेकडी, तिच्यावरचे काळे अक्रोड आणि माथ्यावरची घरची दफनभूमी, हे सगळं सून व्हर्ली हिला दिलं, एवढंच मी सांगतो. व्हर्लीचा नवरा त्याच माथ्यावर पुरलेला आहे. तो गेल्यावरही ती सासऱ्याला सोडून माहेरी गेली नव्हती.

"सोमवारी काउंटीच्या कचेरीत जाऊन नोंदवून येते," व्हर्ली म्हणाली.

"कुठे निघालीस? गुरुवारच्या पेपरात सगळं छापून येतं. कोणी कोणाला काय दिलं, एकूण एक. डेल्मस ओहायोत बसून तेवढंच पान वाचतो."

"वाचू दे की, पप्पा. तुमचा मुलगा आहे, वाघ नाही."

"वाचलं तर माझ्या मयताला यायचा नाही. मी गेल्यावर ने. तेव्हा रुसून दाखवायला मी कुठे असणार आहे?"

आणि मला बायबलमध्ये

*(पहिली घडी. इथे नऊ वर्षं गेली.)*

मी काय काम केलं, असं विचाराल तर काहीच नाही. माझ्यावर मोहरीच्या भाजीची पानं वाळत घातली नाहीत, एवढाच माझा मान. कचेरीतल्या पुस्तकात मात्र टेकडी ऑर्बनच्याच नावावर होती. जे पुस्तकात नाही ते जगाला दिसत नाही. एवढी साधी गोष्ट घरातल्या दोन शहाण्या माणसांना कळू नये? मला पाय असते तर मी स्वतः चालत गेलो असतो.

ऑर्बन मार्चमध्ये गेला. डेल्मस आला. त्यानं शवपेटीला खांदा दिला, रडला, मग चर्चच्या तळघरात कोंबडीच्या रश्शाच्या दोन थाळ्या खाल्ल्या.

"वहिनी, पप्पांनी काही लिहून ठेवलंय का?" त्यानं विचारलं.

मी तिच्याच हातातल्या बायबलमध्ये होतो. बोल, बाई. आता तरी बोल.

"आधी जेव तू," व्हर्ली म्हणाली. "आजचा दिवस त्यातला नाही."

आमच्याकडे कबरीवरची माती ताजी असताना जमिनीचा विषय काढत नाहीत. चांगली रीत आहे. या चांगुलपणाचा मला अजून संताप येतो. डेल्मसनं तिच्या बोलण्याचा अर्थ 'नाही' असा घेतला. शुक्रवारी त्यानं एकटा वारस म्हणून शपथ घेतली आणि टेकडी एका लाकूड कंपनीला विकून तो ओहायोला निघूनही गेला. व्हर्लीला यातलं काहीच

*(दुसरी घडी.)*

सोमवारी सकाळी साडेदहाला मी पहिल्यांदा कचेरीतल्या नोंदणीच्या खिडकीवर पोचलो. खिडकीत नेडीन होती. ती आणि व्हर्ली चर्चच्या गायनात शेजारी उभ्या राहतात. नेडीननं मला उलटंपालटं केलं आणि एक चिठ्ठी माझ्यावर टाचली:

*परत. दस्त कोणी तयार केला त्याचं निवेदन व सही नाही.*

"अगं, कोम्ब्सनं केलाय. तुला माहीत आहे," व्हर्ली म्हणाली.

"मला माहीत आहे गं. कागदाला माहीत नाही. ते वृद्धाश्रमात आहेत ना? सही घेऊन ये, मी इथेच आहे."

आमच्या मागे एक माणूस कोरी करकरीत फाईल घेऊन उभा होता. दार बंद होता होता मी नेडीनचा आवाज ऐकला. "पुढचे या."

वृद्धाश्रमात कोम्ब्स वकिलांनी मला डोळ्यांजवळ धरलं.

"हा मी लिहिला? इतका छान?"

"सहीची जागा ठेवायला विसरलात," व्हर्ली म्हणाली.

"मग मीच लिहिला असणार."

सहीला चार मिनिटं लागली. आम्ही परत आल्यावर नेडीननं शिक्का मारला: पुस्तक दोनशे बारा, पान अठ्ठ्याऐंशी, अकरा बावन्न. मग ती थांबली. तिनं मागचं पान उलटलं, पुन्हा पुढे आणलं.

"व्हर्ली," ती म्हणाली, "खुर्ची घे."

पान सत्त्याऐंशीवर तीच टेकडी होती. डेल्मस टॅकेटकडून लाकूड कंपनीला. दहा एक्केचाळीस.

कंपनीनं पैसे मोजताना माझं नावही ऐकलं नव्हतं, आणि पुस्तकात मी तिच्या मागे होतो. व्हर्ली कोर्टात गेली, पण टेकडी कंपनीची ठरवायला न्यायाधीशांना तेवढं पुरलं. त्याआधीच, गुरुवारच्या पेपरात आम्ही दोन्ही दस्त एकाखाली एक छापून आलो. नऊ वर्षं ज्याला भिऊन मला लपवलं ते शेवटी घडलंच, फक्त मी खालच्या ओळीत होतो.

मे महिन्यात सगळी घरं कबरींवर फुलं घालतात. टेकडीच्या वाटेवर आता फाटक आहे. व्हर्लीनं कंपनीला फोन केला.

"किल्ली हवी होती. दोन तासांसाठी."

"काम काय आहे?" पलीकडून कोणीतरी विचारलं.

"नवऱ्याला भेटायचंय," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारखा कागद तुमच्या घरात असेल तर उठा. ज्या दिवशी सही होईल त्याच दिवशी तो खिडकीपर्यंत न्या. रुसणाऱ्याला रुसू द्या, मयताला कोण येईल ते नंतर बघा. मी बायबलमध्ये परत आलो आहे. आता माझ्यावर सगळे शिक्के आहेत, सही आहे, वेळही आहे. व्हर्ली कधीकधी मला उघडते आणि ती वेळ वाचते. मग मला परत

*(तिसरी घडी.)*