कॉफीच्या तळाशी पांढरं

आमच्या घरात मला रागवायची परवानगी नाही. भाऊ रादिशा दिवसभर नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. वहिनी गोर्दाना भांडी आदळते, तेही चालतं. पण मी नुसता आवाज चढवला, की दोघं एकमेकांकडे बघतात आणि गोर्दाना मधाळ आवाजात विचारते, "ताई, गोळी घेतलीस ना?"

घेतली, बाई, घेतली! तरुणपणी माझं डोकं फिरलं होतं. ऐन हिवाळ्यात घरातल्या रजया मी रस्त्यावर वाटून टाकल्या होत्या. तेव्हापासून लिथियमची गोळी चालू आहे, आणि तिच्यावर मी बरी आहे. पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम कमी करायचं नाही, रक्त तपासायचं चुकवायचं नाही, हे दवाखान्यातल्या नर्स नेवेंकाने माझ्याकडून घोकून घेतलंय. तरी घरच्यांच्या लेखी माझा राग म्हणजे आजार, हसू म्हणजे आजाराची सुरुवात.

या वसंतात शेजारच्या स्तामेनाकाकूंना नात झाली. त्यांच्या घरातल्या बाळांना बाप्तिस्म्याला हातात धरायचं आणि नाव ठेवायचं, हा मान आजोबांपासून आमच्या घराचा. धरणारी बाई असली की ती बाळाची कुमा, जन्मभराची. या खेपेला पाळी माझी होती. मी नावही ठरवलं होतं, सर्ना. मला मूलबाळ नाही, तेव्हा या गोष्टीचं मला काय होतं ते सांगायला नको.

आणि नेमके तेव्हाच माझे हात थरथरायला लागले. चमचा ताटलीवर वाजायचा. मळमळायचं, उलट्या व्हायच्या, चालताना भिंत धरावी लागायची.

"पुन्हा सुरू झालं," गोर्दाना रादिशाला म्हणाली. मी शेजारीच बसले होते, पण माझ्यादेखत माझ्याविषयी बोलायची या घराला सवयच आहे. वर माझी काळजी म्हणून ती हल्ली माझी कॉफी स्वतः करून आणायची, दाट, गोड. मला तर भरून यायचं. मूर्ख मी!

बाप्तिस्म्याच्या आठवड्यात स्तामेनाकाकू कॉफीला आल्या. गोर्दानाने विषय काढलाच.

"काकू, चर्चची फरशी दगडी. ताईंचे हात हे असे. बाळाला रादिशाच धरू दे."

काकू माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "विदोसावा, कप पालथा घाल. बघू तरी काय निघतंय."

कपाच्या तळाशी राहिलेल्या कॉफीच्या गाळातून भविष्य वाचावं तर काकूंनीच. मी कप बशीत पालथा घातला. त्यांनी उचलला, उजेडात धरला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गाळात मी रस्ते बघितले, पक्षी बघितले, एकदा तर जावई बघितला. पण हे पांढरं काय गं?" त्यांनी बोट लावून चाखलं आणि थुंकल्या. "शी! हे तर औषध!"

रादिशाने खिडकीबाहेर तोंड वळवलं. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

"तुझ्या भल्यासाठीच, ताई," गोर्दाना म्हणाली. "तू चिडत होतीस, मला वाटलं गोळ्या चुकवतेस. ड्रॉवरमध्ये मागच्या वर्षीच्या उरल्या होत्या, त्या कुटून कॉफीत घालत होते."

"आणि हात थरथरायला लागले तेव्हा?"

"तेव्हा... थोडी वाढवली."

कॉफीचं भांडं तिच्या डोक्यात घालावं असं वाटलं मला. पण घातलं असतं तर तेसुद्धा आजारातच जमा झालं असतं. म्हणून हात मांडीखाली दाबून मी बसून राहिले. घर डोक्यावर घ्यायचा हक्क होता माझा, आणि मी शहाण्या मुलीसारखी बसले!

काकूंनी नेवेंकाला फोन लावला. ती म्हणाली, आणखी एकही गोळी देऊ नका आणि असेल तशी घेऊन या. दवाखान्यात रक्त तपासलं, तर लिथियम बेसुमार वाढलं होतं. सलाईन लावता लावता नेवेंका गोर्दानावर कडाडली, "ही काय खडीसाखर आहे? जरा जास्त झालं की विष होतं, किडन्या जातात! आणि पेशंटला न सांगता मी असं कॉफीत कालवून दिलं तर माझी नोकरी जाईल. तू कोण लागून गेलीस?"

गोर्दाना रडली. लगेच सगळे तिचीच समजूत घालायला लागले. सलाईन मला, आणि रुमाल तिला!

काकूंनी मात्र बाप्तिस्मा पुढे ढकलला. "पोरगी कुठे पळून जात नाही," म्हणाल्या.

मी बरी होऊन घरी आले, पुन्हा ठरल्याप्रमाणे गोळी घ्यायला लागले, आणि मग सर्नाला मीच धरलं. ओली, निसरडी, लाथा झाडणारी. गोर्दाना शेजारी ओंजळ पसरून उभी होती, मी पाडलं तर झेलायला. मी नाही पाडलं.

घरी पाहुण्यांसाठी कॉफी मीच केली आणि पहिला कप गोर्दानाला दिला. तिने आत डोकावून बघितलं, चमच्याने तळ ढवळला, आणि कप हळूच बाजूला सरकवला.

"घे की, गार होतेय."

"नको, ताई. आज नको."

मग मात्र मी ओरडले. सगळ्या पाहुण्यांसमोर, पोटातून, खिडकीच्या काचा वाजेपर्यंत ओरडले. "मी पीत होते, गोर्दाना! रोज! तू दिलीस म्हणून!"

मी कितीतरी वेळ बोलत होते. गोळी घेतलीस का, असं कुणीही विचारलं नाही.