हेस्केलकाकांचे चाळीस उपास

शनिवारी सकाळी आमच्या धर्मगुरूंनी, हाखाम मेनाशेंनी, कपाट उघडलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, ह्यांना माझा रबरी उंदीर सापडला. मग आठवलं, उंदीर मी प्रार्थनेच्या पुस्तकांच्या कपाटात ठेवला होता. हे पवित्र कपाट. ह्यात मीसुद्धा काही ठेवत नाही.

आमच्या यहुद्यांच्या सिनेगॉगमध्ये तोराहची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी एका लाकडी पेटीत उभी असते. पेटीवर चांदीचा पत्रा, डोक्यावर चांदीची दोन डाळिंबं, डाळिंबांना घुंगरं. माझ्या आजोबांच्या वेळी बगदादहून आलेली. त्या पेटीच्या खांद्याला नवाकोरा पोचा पडला होता आणि डाव्या डाळिंबाचं एक घुंगरू गायब होतं.

"पडली आहे," हाखाम म्हणाले. एवढंच म्हणाले आणि हात डोळ्यांवर ठेवला.

गुंडाळी ज्याच्या हातून पडली त्यानं चाळीस उपास करायचे, अशी आमच्यात रीत आहे. उजाडल्यापासून आभाळात तारे दिसेपर्यंत, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. सोमवार-गुरुवार करून फेडले तरी चालतात. पण फेडायचे कुणी? साठ माणसं बसलेली, आणि साठच्या साठ जणांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"काय?" मी म्हणालो.

"शुक्रवारी पंखा दुरुस्त करायला आत कोण होतं?" कारभारी फुआदनं विचारलं. पोलिसात जायचं त्याचं राहून गेलंय, ते तो आमच्यावर भागवून घेतो.

"अरे, पंखा वर, कपाट खाली!"

"शिडी होती ना तुझ्याकडे? लोखंडी?"

"म्हणून काय शिडीनं कपाट उघडलं?"

"माझ्या पाण्याच्या बाटलीत अंबा कुणी ओतला होता रे, नाजी?"

अंबा म्हणजे आमचं कैरीचं पिवळं लोणचं. सबीखच्या पावात वांगं आणि अंडं भरलं की वरून हेच घालतात. माझं दुकानच सबीखचं, त्यामुळे अंबा कुठंही सापडला की माझंच नाव येतं. पन्नाशी उलटली तरी लोक विसरत नाहीत.

हाखामांनी मग उज्जाची गोष्ट सांगितली. पवित्र कोश बैलगाडीतून चालला होता, बैल अडखळले, कोश कलंडला. उज्जानं सावरायला हात पुढे केला, आणि देवानं त्याला जागच्या जागी मारलं.

मी हात वर केला. "हाखाम, माझ्या दुकानात बरणी पडताना कुणी पकडली तर मी त्याला फुकट सबीख देतो. अंगावर वीज नाही पाडत."

लोक हसले. हाखाम हसले नाहीत. "कोश घेऊन निघालेल्या राजा दावीदलाही रागच आला होता, नाजी. आधी रागावला, मग घाबरला. तसं लिहून ठेवलंय."

"मग त्याला उत्तर काय मिळालं?"

"ते लिहिलेलं नाही."

मला हे तेव्हाच संशयास्पद वाटलं. एवढं जाडजूड शास्त्र, बैलांपर्यंत सगळं लिहिलंय, आणि नेमकं उत्तर तेवढं राहिलं?

हाखामांनी सांगितलं, "ज्याच्या हातून झालं त्यानं येऊन मला सांगावं. मी वाट बघतो." आणि त्या आठवड्यात सगळ्या गल्लीला संशयाचा ताप चढला. जो तो दुसऱ्याच्या ताटात डोकावायला लागला. फुआद तर रोज दुकानासमोर उभा.

"खातोयस?" तो विचारायचा.

"खातोय. का?"

"ज्यानं पाडली तो गुपचूप उपास करत असणार."

"मी तर खातोय."

"हेच तर! संशय येऊ नये म्हणून खातोयस."

मला मात्र चोर सापडला तो मांजरांमुळे. हेस्केलकाका, वय एकोणऐंशी, रोज सकाळी नऊला माझ्याकडे सबीख खातात. उभ्यानं, अंबा जास्त, आणि वांगं कच्चं राहिलं म्हणून शिवी ठरलेली. त्या सोमवारी म्हणाले, "बांधून दे." शिवी नाही. गुरुवारीही बांधून, आणि शिवी नाही. मी लांबून मागे गेलो. दवाखान्यामागच्या बाकावर काका बसले, पुडी सोडली आणि वांगं, अंडं, पाव सगळं मांजरांना घातलं. अंबा मांजरांनी खाल्ला नाही. मग ते उठले, दोन पावलं गेले आणि भिंतीला हात लावून किती तरी वेळ तसेच उभे राहिले.

आता हे समजून घ्या, की काकांना पंचवीस वर्षांपासून मधुमेह आहे. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उपासाला, प्रायश्चित्ताच्या दिवशीसुद्धा, हाखाम स्वतः त्यांना बाजूला नेऊन भरवतात. आणि कपाटातली चांदी दर गुरुवारी पुसायचं काम चाळीस वर्षं ह्याच माणसाचं. त्यांच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आमच्याकडच्या जुलैच्या कोरड्या उन्हात चाळीस उपास? दहाव्या उपासाच्या आधीच आम्ही त्यांना खांद्यावरून नेलं असतं.

सरळ सांगून काका ऐकणारे नव्हते. म्हणून मी सापळा लावला. पुढच्या शनिवारी प्रार्थना संपली तसा उभा राहिलो आणि छाती काढून म्हणालो, "मी पाडली. शिडी सरकवताना."

कुणालाही नवल वाटलं नाही. तेच जरा लागलं मला.

"मला ठाऊकच होतं!" फुआद ओरडला. त्याला इतका आनंद स्वतःच्या लग्नात झाला नव्हता.

"तू? स्वतःहून कबूल करतोयस?" हाखामांनी डोळे बारीक केले. "घुंगरू कुठंय?"

"गटारात... म्हणजे, गेलं असेल गटारात."

हाखाम माझ्याकडे बघत राहिले. मी काकांकडे बघत राहिलो. माझा हिशेब असा होता, की दुसऱ्याचा बळी जाताना बघून म्हातारा ताडकन उठेल. म्हातारा जमिनीकडे बघत बसून राहिला.

"ठीक," हाखाम म्हणाले. "चाळीस. सोमवारपासून."

झालं. आयुष्यभर लोकांच्या खुर्च्या ओढल्या, आता माझीच ओढली.

सोमवारी पहाटेपासून मी कढईसमोर. वांगी तळतोय, अंडी सोलतोय, पोटात काही नाही, घशात वाळू. शिडी दाराबाहेर उभी होती. दुकानाची पाटी धुवायची होती, पण वर चढायचं त्राण कुणात होतं? नऊ वाजता काका आले.

"बांधून दे."

मी सबीख भरला आणि बांधला नाही. दोघांच्या मधे फळीवर ठेवला.

"खा, काका."

"घरी जाऊन खातो."

"मांजरांची तब्येत बरी दिसत नाही. अंबा सोसत नाही त्यांना."

 काकांनी खिशात हात घातला आणि चांदीचं घुंगरू फळीवर ठेवलं. हात थरथरत होता. तसाच त्या गुरुवारीही थरथरला असणार.

"माझे उपास तू कशाला करतोयस, गाढवा?"

"तुमचे कुठले? कबुली माझी आहे. साठ साक्षीदार आहेत."

"नाज्या, मस्करी पुरे."

"मग शनिवारी उठला का नाहीत?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "वर बायकांच्या सज्जात लिराज बसली होती." लिराज त्यांची नात. आठवा महिना. ह्याच्या आधी दोनदा पोट राहिलं आणि दोनदा गेलं. "मी कसा उठणार? उद्या काही वेडंवाकडं झालं तर ती जन्मभर माझ्या हातांकडे बघेल."

"काका, हात तुमचे. तिच्या बाळाचा काय संबंध?"

"तू शास्त्र ऐकतोस की नुसता घोरतोस? दावीदनं पाप केलं. मेलं कोण? त्याचं बाळ! सात दिवसांचं. देव ज्याचं त्याला देत नाही, नाज्या. जवळच्या माणसाला देतो. म्हणून मी आधीच स्वतःच्या अंगावर घेतोय. तिच्यापर्यंत पोचायच्या आत संपवून टाकतो."

"आणि तुम्हीच संपलात तर?"

"तर संपलो."

मी कढईतली वांगी उलटली. "बरं. तुम्ही करा तुमचे चाळीस. मीही माझे करतो. तुम्ही उपाशी त्या दिवशी मी उपाशी. मेलो तर दोघं एकदम, फुआदला एकच सुट्टी काढावी लागेल."

"तू नाही करायचे!" काकांनी फळीवर हात आपटला. घुंगरू वाजलं. "तुझा काय गुन्हा? चूक माझी आणि उपाशी तू? हा कुठला न्याय रे?"

आणि तिथंच थांबले. 

मी कढईखालची आच बारीक केली.  

"तुम्हाला नाही चालत," मी म्हणालो. "आणि देवाला चालतं म्हणता?"

काकांनी घुंगरू बोटानं फिरवलं. "दावीदच्या बाळाचं त्याला चाललं," ते हळूच म्हणाले. "ते लिहिलेलं आहे. मला ते कधीच पटलं नाही. ऐंशीला आलो, कुणाला बोललो नाही."

"मग आता बोला. पण खाऊन बोला. उपाशीपोटी आवाज फुटत नाही, मला सकाळपासून अनुभव येतोय."

"मी खाल्लं तर तू खाशील?"

"आधी तुम्ही."

"आधी तू."

"आधी काका," मागून आवाज आला. हाखाम मेनाशे. दाराशी कधीपासून उभे होते कुणास ठाऊक. आणि त्यांच्यामागे एका हातानं कंबर धरलेली, दुसऱ्या हातानं चौकट धरलेली लिराज.

"आजोबा!" ती इतक्या जोरात ओरडली की फूटपाथवरची मांजरं पळाली. "साखर वाढलेली असताना उपास? माझ्या नावानं?"

"अगं, बाळासाठी..."

"बाळासाठी मला आजोबा जिवंत हवेत! देवाशी काय भांडायचं ते मी भांडेन. दोनदा भांडलेय, सवय आहे मला." तिनं स्टूल ओढलं, आजोबांच्या समोर बसली आणि सबीख त्यांच्या हातात दिला. "चावा. मी बघतेय."

काकांनी घास घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते म्हणाले, अंबा तिखट आहे. मग म्हणाले, "वांगं कच्चं आहे, हलकटा," आणि मला बरं वाटलं.

"आजारी माणसाला उपास नाही," हाखाम म्हणाले. "चाळीस दिवस चाळीस जणांत वाटून देतो. फुआदला पहिला गुरुवार."

"हाखाम," मी विचारलं, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"दर गुरुवारी कपाटाची किल्ली कोण नेतं, ते मला माहीत असतं."

"मग मला कशाला उपाशी ठेवलंत?"

"तू कबुली दिलीस. आणि त्यांनी मला सांगितलं नसतं. तुला सांगतील असं वाटलं."

मी पावाकडे हात नेला.

"आजचा तुझा धरलाय," हाखाम म्हणाले. "पुरा कर. तारे दिसेपर्यंत."

तारे दिसायला अकरा तास होते. लिराजनं स्वतःसाठी एक सबीख मागितला, अंबा दुप्पट, आणि माझ्या तोंडासमोर बसून खाल्ला. मधेच तिनं घुंगरू उचलून पोटाजवळ वाजवलं.

"लाथ मारली!" ती म्हणाली.

काकांचं चावणं थांबलं. हाखामांनी दाराबाहेर, वर बघितलं. मीही बघितलं. आभाळात एक ढग नव्हता, वीज कुठून येणार; जुलैत आमच्याकडे पाऊसच नसतो.

तरी मी बाहेर गेलो आणि लोखंडी शिडी आत आणून ठेवली.