खोपीला लागलेला वारा

सुन्वाचं पत्र येऊन महिना होत आला होता आणि मिक्यालने अजून उत्तर दिलं नव्हतं. आळस म्हणावा तर तसंही नव्हतं. बेटावरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या माणसाला पत्र लिहायचा कंटाळा कधीच नव्हता. उलट एका पत्राचे चार खर्डे केल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे. पण पुतणीने विचारलं होतं त्याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. ते हवेपाशी होतं.

"काका," तिने कोपनहेगनहून लिहिलं होतं, "बाबा गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. तुम्ही यंदा मटण टांगलंय का? ते नीट मुरलं तर मी पोरींना घेऊन येते. त्या जेवणाला बसलं की बाबा इथेच कुठेतरी आहेत असं वाटेल. नाही जमलं तर मोकळेपणाने सांगा, आम्ही इथेच राहू. त्या घरात येऊन दुकानातलं मटण खायचं, हे मला सोसणार नाही."

मटण टांगलेलं होतं, आणि तीच तर पंचाईत होती. भाऊ यास्पुर वसंतात गेला. ऑक्टोबरात मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या, वाट्याला आलेली धडं घरी आली, आणि मिक्यालने जन्मात पहिल्यांदा ती एकट्याने खोपीत टांगली. खोपीच्या भिंती उभ्या फळ्यांच्या, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट. खारा वारा फटींतून आत शिरतो आणि नाताळापर्यंत मटण मुरवतो. मीठ नाही, धूर नाही, सगळी भिस्त वाऱ्यावर. यास्पुर रोज सकाळी फळीवर हात टेकून उभा राहायचा, "हं" म्हणायचा आणि घरात येऊन कॉफी मागायचा. त्या "हं"चा अर्थ काय, हे मिक्यालने कधी विचारलं नव्हतं. तो तेव्हा पुस्तकात डोकं घालून बसलेला असायचा.

यंदा वाराच पडला होता. नैर्ऋत्येकडून उबदार, ओली हवा आली आणि बेटावर बसकण मारून बसली. धुकं डोंगरावरून उतरलं ते चर्चच्या छपराला टेकून राहिलं. नोव्हेंबर उजाडला तरी खोपीत माश्या घोंगावत होत्या, आणि वास तर असा, की मिक्याल दारातूनच परत फिरायचा. हा मुरण्याचा वास की सडण्याचा? पुस्तकांत वासाचं वर्णन असतं, वास नसतो.

"मास्तर, उतरवा ते आता!" शेजारची एल्स्पा कुंपणापलीकडून ओरडली. ती त्याची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः आजी झालेली. "सगळ्या गावाने उतरवून फ्रीजरमध्ये टाकलं. तुम्हीच एकटे राहिलात."

"उतरवतो, उतरवतो. उद्या बघतो."

"उद्या? मागच्या सोमवारीही उद्याच म्हणाला होतात."

"पण एल्स्पा, आत्ता गोठवलं तर ते मुरायचं नाही. मग ते साधं मटण."

"आणि टांगून ठेवलं तर माश्यांचं जेवण. माझ्या फ्रीजरमध्ये जागा करून ठेवलीय. संध्याकाळपर्यंत वाट बघते, मग तिथे मासे भरते."

रेडिओवरचा हवामानवालाही तेच सांगत होता: आठवडाभर असंच राहील. मिक्यालने टेबलाशी बसून सुन्वाला लिहायला घेतलं. "यंदा जमलं नाही. तुम्ही तिकडेच राहा." पुढे त्याने "हवा वाईट होती" असं लिहिलं आणि खोडलं. सगळा दोष हवेवर ढकलणं त्याला पटेना. यास्पुर असता तर त्याला काय करायचं ते कळलं असतं, असं त्याला वाटलं. त्याने कागद तसाच टेबलावर ठेवला आणि शिडी घेऊन खोपीत गेला.

पहिल्या मांडीची दोरी हातात धरून तो शिडीवर कितीतरी वेळ उभा राहिला. सोडावी की राहू द्यावी? सोडावी. नको, राहू द्यावी. पाय दुखायला लागले तेव्हा तो खालच्या पायरीवर बसला. या वयातही आपल्याला एक साधी गोष्ट ठरवता येत नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली. बाहेर अंधारून आलं. एल्स्पाचे मासे एव्हाना फ्रीजरमध्ये गेले असणार.

आणि मग त्याच्या मानेला गार लागलं.

आधी त्याला भास वाटला. मग फळ्यांतून बारीक शीळ आली, टांगलेली धडं एकमेकांवर हलकेच आदळली आणि दार आपोआप लोटलं गेलं. तो बाहेर आला. चर्चच्या छपरावरचं धुकं फाटत होतं आणि वर एक चांदणी दिसत होती. वारा उत्तरेचा होता. कोरडा, खणखणीत, डोळ्यांतून पाणी काढणारा.

तो वारा थांबलाच नाही. दुसऱ्या सकाळी माश्या मरून पडलेल्या होत्या. पुढे डबक्यांवर बर्फाचा पापुद्रा धरला. खोपीतला वासही बदलत गेला. उग्रच, पण आता तो नाकाला ओळखीचा वाटू लागला. तरी मिक्यालचा स्वतःच्या नाकावर भरवसा नव्हता. पंधरवड्यानंतर त्याने एक खांदा उतरवला, बटाटे आणि सलगम घालून रस्सा शिजवला, आणि एल्स्पाला बोलावलं. टपालबोटीचा डेम्मुस गावात होता, तोही रश्शाच्या वासावर आला.

दोघं जेवायला बसले. मिक्याल उभाच राहिला.

"अरे मिक्याल, बस की," डेम्मुस म्हणाला. "विष घातलंय का त्यात?"

"तेच तर मला माहीत नाही."

एल्स्पाने घास घेतला. चावत राहिली. मिक्यालने टेबलाची कड घट्ट धरली. तिने दुसरा घास घेतला.

"एल्स्पा, काहीतरी बोल ना!"

"तोंडात घास असताना बोलू नये, असं तुम्हीच शिकवलं ना आम्हाला?" ती म्हणाली आणि तिने ताट पुढे केलं. "अजून वाढा. काय मुरलंय हो मास्तर! अगदी यास्पुरच्या हातचं."

डेम्मुस नुसती मान हलवत हाडं चोखत होता. मग म्हणाला, "सगळं गाव घाबरलं. हा पठ्ठ्या मात्र वारा यायची वाट बघत थांबला. छाती लागते त्याला!"

"छाती कसली," मिक्याल पुटपुटला. "माझं काही ठरत नव्हतं. मी शिडीवर बसून राहिलो, बस."

"ऐकलंस?" डेम्मुस एल्स्पाकडे बघून हसला. "कसा लपवतोय! अरे, सांगू नकोस आम्हाला तुझी विद्या, पण पुढच्या वर्षी केव्हा उतरवायचं तेवढं सांग."

"नाही रे, खरंच..."

"बरं बरं. रस्सा वाढ."

मिक्यालने आणखी दोनदा खरं सांगून पाहिलं, आणि दोन्ही वेळा ते आणखी हसले. शेवटी त्याने नाद सोडला, खुर्ची ओढली आणि स्वतःला वाढून घेतलं. पहिला घास जिभेवर गेला आणि इतक्या दिवसांचं ओझं खांद्यावरून उतरलं. डोळे भरून आले ते त्याने वाफेवर खपवलं.

ते गेल्यावर त्याने टेबलावरचा जुना कागद चुलीत टाकला आणि नवा घेतला. "सुन्वा, मटण छान मुरलंय. पोरींना घेऊन ये. आठवडाभर आधीच नीघ. लाटा असल्या तर बोट धक्क्याला लागत नाही, आणि मग तुम्ही समोरच्या बेटावर बसाल आणि मी इथे. गरम मोजे आण. काका." त्याने वाचून पाहिलं. आणखी काही लिहायला हवं, असं त्याला वाटलं. पण दुसरा खर्डा न करताच त्याने पाकीट चिकटवलं.

सकाळी धक्क्यावर लाटा चांगल्याच उसळत होत्या. डेम्मुसची बोट वर यायची, खाली जायची. मिक्यालने पाकीट टपालाच्या पिशवीत टाकलं, पिशवीचं तोंड आवळलं आणि बोट वर आली तशी ती भिरकावली. डेम्मुसने ती दोन्ही हातांनी झेलली.