गेटावरचा फळा

तिसरी ब च्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप एकूण एकोणीस दिवस जगला. पहिल्या दिवशी निशिगंधा बाईंनी वर्गाच्या खिडकीत ठेवलेल्या मुगाच्या मोडांचा फोटो टाकला. त्यावर अठ्ठावीस अंगठे आले, सोळा नमस्कार आले आणि कुणीतरी ‘दुभती आहे, बघून घेणे’ म्हणून एका म्हशीचा फोटो टाकला. चौथ्या दिवसापासून मूग मागं पडले आणि म्हैस पुढं गेली. एकोणिसाव्या दिवशी पांढरा रस्सा कुणाच्या घरचा चांगला, ह्यावरून दोन बापांची अशी जुंपली, की मुख्याध्यापक सयाजी सरांनी स्वतःच्या हातानं ग्रुप बंद केला.

पण वरून आलेलं पत्रक काही बंद झालं नव्हतं. ‘वर्गातील दैनंदिन घडामोडी पालकांपर्यंत नियमित पोहोचवाव्यात.’ सयाजी सर वाघाला भ्याले नसते, पण पत्रकाला भ्यायचे. त्यांनी अडगळीतून एक जुना फळा काढला, त्याचा मोडका पाय विटांवर टेकवला आणि गेटाशी उभा केला.

“मंगळवार पेठेत माणूस गेला तरी चौकातल्या फळ्यावर कळतं,” ते म्हणाले. “तिसरी ब जिवंत आहे, हेही कळू दे.”

निशिगंधा बाईंना हे काम आधी बोकांडी बसल्यासारखं वाटलं. आठवड्याभरात त्यांना त्याची चटक लागली. सरकारी थाटात ‘विद्यार्थ्यांनी आनंददायी वातावरणात’ वगैरे त्यांच्याच्यानं लिहवेना. त्या खरं लिहायला लागल्या. ‘आज वर्गात मधमाशी शिरली. बाई बाकावर चढल्या. यशराजने मधमाशीला डब्यात धरून बाहेर सोडले.’ ‘प्राचीने बाराचा पाढा उलटा म्हटला. तो बरोबर आहे का ते पाहायला बाईंना पुस्तक उघडावे लागले.’ ‘श्रेयसला उलटी झाली. डब्यात काय होते ते सर्वांना कळले. श्रेयसने स्वतः माती आणून टाकली.’

पेठेला असलं काही हवंच होतं. ज्यांची पोरं शाळेत नव्हती, तीही माणसं गेटाशी थांबायला लागली. समोरच्या चहाच्या गाड्यावर ‘आज मधमाशी न्हाय व्हय?’ अशी चौकशी व्हायची. प्राचीची आई पद्मावती रोज मोपेडवरनं न उतरता फळ्याचा फोटो काढायची आणि लेकीला मागं बसवून निघायची. सव्वापाचला गेटावर चिटपाखरू नसायचं. आणि बाई? बाई साडेचारला फळा लिहायच्या, शाळा सुटली की हात झटकायच्या आणि मागच्या दारानं स्कूटर काढून राजारामपुरीला घरी जायच्या. आपला फळा कोण वाचतं, कसं वाचतं, हे बघायला त्या एकदाही थांबल्या नाहीत. इतकं छान लिहिल्यावर बघायचं काय, असा त्यांचा थोडा तोराच होता.

तर फळ्याच्या चौसष्टाव्या दिवशी सकाळी त्या आल्या आणि बघतात तो शाळेसमोर फ्लेक्स.

साधासुधा नव्हे. दहा फुटी. मधोमध त्यांच्याच वर्गातली क्रांती, डोळ्यांवर तिच्या जन्मात नसलेला काळा गॉगल, मागं गर्जना करणारा वाघ. वर लाल अक्षरांत: ‘तिसरी ब ची वाघीण!’ खाली यादी. ‘मधमाशीला जीवदान देणारी.’ ‘बाराचा पाढा उलटा म्हणणारी.’ ‘वर्गात उलटी झाल्यावर स्वतः माती टाकणारी.’ अशा पाच कामगिऱ्या. आणि सर्वांत खाली, ‘शुभेच्छुक: आजी धोंडुबाई व समस्त तालीम मंडळ.’ शेजारी म्हशीचाही फोटो होता, शुभेच्छुकांच्या रांगेत.

फ्लेक्सखाली यशराजचा बाप उदयसिंह उभा होता. तो ह्याच मंडळाचा माजी अध्यक्ष.

“बाई, ह्यो काय परकार हाय?” तो रस्त्याच्या ह्या टोकाचं त्या टोकाला ऐकू जाईल असा बोलायचा. “मधमाशी आमच्या यशानं धरली का न्हाय? सबंद पेठेला ठावं हाय! आन् माझ्याच मंडळानं माझ्याच पोराची मधमाशी दुसऱ्याच्या नावावर चढवली!”

“पाढा प्राचीचा हाय, बारा तारखेचा,” पद्मावती मोबाइल पुढं करत म्हणाली. “माझ्याकडं सगळ्या फळ्यांचे फोटो हायत, बाई. तारखेसकट.”

“मी मंडळाच्या पोरांना इचारलं,” उदयसिंह म्हणाला. “ती म्हणत्यात, धोंडू आज्जीनं सांगितलं तसं आम्ही छापलं. रोज सांजचं दूध देती आज्जी तालमीला, न्हाय कसं म्हणायचं? आन् आज्जीला अक्षर येत न्हाय. तिला फळा रोज नात वाचून दाखवती.”

निशिगंधा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. क्रांती तिच्या आजीजवळ राहायची. आईबाप आजऱ्याला काजूच्या कारखान्यात कामाला, पोरगी शाळेसाठी इथं. ती रोज फळा वाचत होती, आणि ज्या नावाच्या जागी हवं त्या नावाच्या जागी स्वतःला बसवत होती. त्यांना हसू आलं. इतकं आलं की उदयसिंहासमोर पदर तोंडाला लावून खोकल्याचं सोंग करावं लागलं.

सयाजी सरांना अजिबात हसू आलं नाही. “खुलासा लिहा,” त्यांनी फर्मान काढलं. “‘सदर विद्यार्थिनीने फळ्याचे खोटे वाचन केले.’ आजीला मी पाच वाजता बोलावतो. आणि खुलासा त्या पोरीनंच वाचायचा. खोटं तिनं वाचलं, खरंही तीच वाचेल. पालकांसमोर.”

“सर, ती आठ वर्षांची आहे.”

“तक्रार माझ्याकडे आली आहे, बाई. आठ वर्षांच्या पोरीकडे नाही.”

बाई वर्गात आल्या. फळ्यावर काय लिहायचं ते आधी त्या एका वहीत उतरवत. खुलाशात काय काय दुरुस्त करायचं ते बघावं म्हणून त्यांनी वही उघडली. मधमाशी सापडली, पाढा सापडला, उलटी सापडली. मग म्हटलं, क्रांतीचं खरं काय लिहिलंय तेही घालू, म्हणजे पोरीला जरा बरं वाटेल. पानं उलटत गेल्या. यशराज एकवीस वेळा होता. प्राची सतरा वेळा. उलटीवाला श्रेयस नऊ वेळा. वर्गात येणारं मांजर सहा वेळा होतं.

क्रांती नव्हती. त्रेसष्ट दिवसांत एकदाही नाही.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मग त्यांनी वही मिटली आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःची लाज वाटली. मांजराला सहा वेळा जागा मिळाली होती. आणि ही पोरगी तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला, रोज हजर. रडत नाही, मारत नाही, डबा सांडत नाही, विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं तरी पुटपुटते. बाईंनी प्रगतिपत्रकात तिच्यापुढं लिहिलं होतं: ‘वाचन अडखळत. आवाज नाही.’

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला मागं थांबवलं. क्रांती दोन वेण्यांतल्या एका वेणीचं टोक चघळत उभी राहिली. फ्लेक्सवर होती त्याच्या निम्मीसुद्धा दिसत नव्हती.

“का गं केलंस असं?”

“आज्जी रोज इचारायची. तुजं नाव कुटं हाय म्हून. मी म्हणायचो, उद्या येणार हाय.”

“मग?”

“आलंच न्हाय की.”

बाईंनी हातातली वही बाकावर ठेवली.

“बाई,” क्रांतीनं वेणी तोंडातनं काढली. “नाव यायला काय करायला लागतं? उलटी केली तर येतं व्हय? मी बगितलं एकदा करून. झालीच न्हाय.”

बाईंचा तोरा तिथंच उतरला. आपण तीन महिने पालकांना वर्ग दाखवतोय असं त्यांना वाटत होतं. त्या दाखवत होत्या तो तमाशा. जो जास्त गोंधळ घालेल, तो फळ्यावर. ह्या एका पोरीनं गोंधळ घातला नाही, म्हणून ती वर्गातच नाही.

“आज्जीला सांगनार तुमी?” क्रांतीनं विचारलं. “आज्जी समद्यांना सांगती. म्हशीची धार काढताना पण सांगती.”

साडेचारला बाई खडू घेऊन गेटाशी गेल्या. तिथं आवळे-चिंचा विकायला बसणारी तानाबाई पाटीवरची माशी हाकलत होती.

“तानाबाई, ती क्रांती रोज फळा वाचते, तुम्ही ऐकलंय?”

“रोज,” तानाबाई म्हणाली. “साडेपाचला दुधाची किटली घिऊन म्हातारी येती, मग वाचती. खणखणीत. कोपऱ्यावरच्या थेटरापर्यंत आवाज जातोय. आन् हे जोडाक्षराचं मोठं मोठं शब्द तुमी लिवताय ना, ती पण कुटं अडकत न्हाय.”

“ती नावं बदलते, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“व्हय की. उलटी श्रेयसचीच ऱ्हायली आन् माती तेवढी हिनं टाकली. मी म्हनलं, शानी हाय पोरगी.”

“मग सांगितलं का नाही?”

“मला कोन इचारलंय?” तानाबाई म्हणाली आणि एक आवळा तोंडात टाकला.

बाईंनी सयाजी सरांनी सांगितलेलं वाक्य लिहायला सुरुवात केली. ‘सदर विद्यार्थिनीने’ पर्यंत लिहिलं. ते पुसलं. मग जे लिहिलं ते एका दमात लिहिलं, आणि सर यायच्या आत फळ्याच्या आडोशाला जाऊन उभ्या राहिल्या.

पाचला गेटावर जत्रा भरली. उदयसिंह होता, मंडळाची पोरं होती, पद्मावती आज मोपेडवरनं उतरली होती. चहाच्या गाड्यावरचे झाडून सगळे ग्लास हातात घेऊन आले होते. धोंडुबाई नऊवारीचा काष्टा खोचून, शेणाचे हात लुगड्याला पुसत आली. तिला बक्षीस समारंभ आहे असं वाटत होतं. तिनं पेढ्यांचा पुडा आणला होता.

सयाजी सरांनी फळ्याकडं बघितलं. त्यांच्या मिशा हलल्या. पण एवढ्या लोकांत फळा पुसणं त्यांना जमलं नसतं.

“वाच, क्रांती,” ते कसेबसे म्हणाले.

क्रांती फळ्यापुढं आली. तिनं आधी सगळं मनात वाचलं. तिचे डोळे शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि परत वर आले. पोरगी आज काहीही वाचू शकत होती. आजीला फळ्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. हवं तर तिनं आणखी पाच कामगिऱ्या स्वतःच्या नावावर केल्या असत्या आणि जमलेल्यांच्या तोंडावर वाचून दाखवल्या असत्या.

ती मागं वळून आजीला म्हणाली, “आज्जी, आज मी जसं हाय तसं वाचनार हाय.”

“मग रोज कसं वाचतीस?” धोंडुबाई म्हणाली. “वाच.”

क्रांतीनं वाचलं. वर्गात जो आवाज बाईंनी कधी ऐकला नव्हता, तो आवाज समोरच्या घरांवर आपटून परत आला.

“‘खुलासा. मधमाशी यशराजने सोडली. पाढा प्राचीने म्हटला. माती श्रेयसने टाकली. फ्लेक्सवरील पाचही गोष्टी क्रांतीने केलेल्या नाहीत.’” ती एकदा थांबली. “‘त्रेसष्ट दिवसांत क्रांतीचे नाव ह्या फळ्यावर एकदाही आले नाही. वर्गातल्या मांजराचे सहा वेळा आले. ही चूक वर्गशिक्षिकेची आहे. क्रांती रोज संध्याकाळी हा फळा तिच्या आजीला न अडखळता, मोठ्या आवाजात वाचून दाखवते. प्रगतिपत्रकात मात्र बाईंनी तिचे वाचन अडखळत असल्याचे लिहिले आहे. बाईंना काही माहीत नव्हते.’”

वाचून झालं. क्रांतीनं मान खाली घातली आणि वेणी तोंडात धरली. बाई आडोशातून बाहेर आल्या. पेढ्यांचा पुडा धोंडुबाईच्या हातात तसाच होता.

“म्होरं?” धोंडुबाई म्हणाली.

“म्होरं काय न्हाय, आज्जी. संपलं.”

“संपलं?” म्हातारीनं आधी फळ्याकडं बघितलं, मग सयाजी सरांकडं, मग निशिगंधा बाईंकडं. “मधमाशी यशाची, पाढा त्या पोरीचा. बरं, घ्या तुमचं तुमी. फ्लेक्स काडा, माज्या गोठ्याचं छप्पर गळतंय, त्येच्यावर घालतो. पर पोरगी चांगलं वाचती, ही काय बातमी हाय व्हय? तीन म्हैनं रोज ऐकतोय की मी! ह्ये सांगायला मला म्हशीची धार सोडून बोलवलं?”

आणि पुड्यातला पहिला पेढा तिनं निशिगंधा बाईंच्या हातावर ठेवला.

“घ्या, बाई,” ती म्हणाली. “तुमास्नी आजच कळलंय न्हवं.”