रस्त्यालगतची पट्टी

"उपटायची म्हणजे?" सुनेने विचारलं. कडेवरची लेक तिचं कानातलं ओढत होती, तरी तिची नजर सासऱ्यांवरून हलली नाही.

"रोपांच्या पुढच्या दोन ओळी," सासरे चपला काढत म्हणाले. वनसमितीचे अध्यक्ष तेच. "उद्या पाहुणे झाडं लावणार. खड्डे रिकामे नकोत का?"

"वर अख्खा डोंगर बोडका पडलाय की, मामंजी."

"वर गाडी जात नाही."

पाहुणे म्हणजे दूरच्या कारखान्याची माणसं. त्यांच्या धुराड्यांचा धूर इथल्या झाडांनी गिळायचा, गिळलेल्या धुराची कार्बन क्रेडिट्स त्यांनी विकत घ्यायची आणि त्या पैशांतून गावाने जंगल पुन्हा उभं करायचं, असा व्यवहार. सुनेला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. धूर कुणाचा का असेना, सावली तर आपली! घरागणिक पट्ट्या वाटल्या तेव्हा रस्त्यालगतची तिच्या वाट्याला आली. पोट पुढे आलेलं असताना तिने रोपांभोवती काट्यांची कुंपणं रचली. बाळंतपणानंतर लेकीला झोळीत टांगून डब्याडब्याने पाणी घातलं. हल्ली लेक रोपांच्या आधाराच्या काठ्या धरून उभी राहायला शिकत होती. रोप आपल्याहून उंच, याचाच तिला राग. पानांना चापट्या मारायची.

आणि ती रोपं उपटायची म्हणे.

"रुजलेलं काढून तिथंच नवं लावायचं? मग धूर कोण गिळणार, फोटो?"

आतून सासूबाई फिस्सकन हसल्या. सासऱ्यांना ते झोंबलं.

"तोंड आवर. पुढचं काम त्यांच्या मर्जीवर आहे. दोन ओळींनी काय आभाळ कोसळतंय?"

"मागच्या खेपेला शेजारच्या काकूंच्याही दोनच ओळी होत्या. पाहुण्यांनी भर उन्हात रोपं खोचली आणि गेले. काय उरलंय तिथं? खड्डे!"

"मी सांगितलं, झालं."

सकाळी लेकीचं आवरून ती पोचेपर्यंत पहिली ओळ बाहेर आली होती. ओली मुळं उघडी पडली होती आणि सासरे कुदळ घेऊन दुसऱ्या ओळीकडे वळत होते. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. ती सरळ दुसऱ्या ओळीत जाऊन मांडी घालून बसली आणि लेकीला पाजायला घेतलं.

"हं, आता घाला कुदळ."

सासऱ्यांनी घाईघाईने पाठ फिरवली. पाजणाऱ्या सुनेपुढे उभं तरी कसं राहायचं? "हा काय तमाशा!" ते रस्त्याकडे बघत पुटपुटले.

लेकीचं पोट भरेपर्यंत गाडी आलीच. प्रकल्पाचे साहेब उतरले, मागून टोप्या घातलेले पाहुणे. सुनेने लेकीला खांद्यावर टाकलं, उपटलेलं एक रोप उचललं आणि पाहुण्यांतल्या पुढच्या बाईंच्या हातात दिलं.

"हे लावा."

"अहो, हे तर कोमेजलंय. कुणी उपटलं?"

"बकऱ्यांनी," सासरे पटकन म्हणाले.

"बकरीच्या हातात कुदळ कुणी दिली, मामंजी?"

साहेब ओढूनताणून हसले. "गंमत करतेय ती."

"गंमत तुमची चाललीय. नवं लावायला जागा हवी म्हणून जगलेलं उपटलं."

बाईंनी हातातल्या मुळांकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "ऊन वाढतंय," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले आणि सगळ्यांना पहिल्या ओळीच्या खड्ड्यांकडे घेऊन गेले. बाईही गेल्या. ते रोप मात्र त्यांनी हळूच काठावर ठेवलं, मळका रुमाल ठेवावा तसं.

सून पुन्हा दुसऱ्या ओळीत येऊन बसली. पाहुणे वाकले, हसले. फोटो काढणाऱ्याने मान तिरकी केली.

"ताई, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."

"येऊ दे."

"थोडंसंच हो."

"मी उठले की इथंही खड्डे पडतील. काढ असाच."

त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे कुदळीची माती बोटाने खरवडत राहिले. शेवटी त्याने तसेच फोटो काढले. प्रत्येकात टोप्यांच्या मागे हिरवी ओळ होती, आणि त्या ओळीत मांडी घालून बसलेली, डोळे न मिटणारी ती.